भूकंपाचा ठावठिकाणा

धरणीकंप झाला की मनुष्य प्रथम विचारतो, तो का झाला? वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त या प्रश्नावरील पूर्वाचार्यांची मते एकत्र दिली आहेत. कोणी जलातील महाकाय प्राण्यांना कारण मानतो, कोणी भूभार वाहणाऱ्या दिग्गजांच्या विसाव्याला, तर कोणी वायूंच्या संघर्षाला. कंप नेमका कोठे उगम पावला, हा प्रश्न त्यामानाने साधा दिसतो. पण त्याची उकल होण्यास एकोणिसावे शतक सरावे लागले. आम्हां वकिली पेशाच्या माणसांना या दुसऱ्या प्रश्नाचे अधिक कुतूहल वाटते, कारण तो सर्वस्वी पुराव्याचा आहे.

१८५७ साली नेपल्सच्या राज्यात मोठा भूकंप झाला, तेव्हा रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने भिंतींच्या भेगा व कोसळलेल्या वस्तू कोणत्या दिशेस कलल्या हे तपासून उगमस्थान शोधण्याचा यत्न केला. हा परिस्थितिजन्य पुरावा होय, आणि त्याचे सर्व दोष त्यात आहेत. भुसभुशीत गाळावरचे दूरचे घर पडते आणि खडकावरचे जवळचे घर उभे राहते. ज्याचा आक्रोश मोठा, तोच घटनेच्या निकट होता असे म्हणता येत नाही.

पुढे १२ जून १८९७ रोजी आसामात प्रलय झाला. शिलाँगच्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या, जमिनीत रुतलेले धोंडे उसळून बाहेर पडले, सुमारे १,५०० माणसे दगावली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर वृत्तांत लिहिला. परंतु त्यांचे मोठे काम त्यानंतरचे. याच भूकंपाची नोंद हजारो मैलांवर युरोपातील यंत्रांनी घेतली होती. अशा दूरच्या नोंदी तपासून १९०० साली त्यांनी दाखविले की लहरी तीन प्रकारच्या येतात: प्रथम पुढेमागे रेटणाऱ्या, मग आडव्या हेलकावणाऱ्या, आणि शेवटी पृष्ठभागावरून सरकणाऱ्या.

यातील पहिल्या दोहोंत सारे रहस्य आहे. एका गावाहून एकाच क्षणी दोन जासूद निघावेत, एक चपळ, एक मंद. जितके अंतर अधिक, तितकी दोघांच्या आगमनातील तफावत अधिक. भूकवचात पहिली लहर सेकंदास सुमारे ६ किलोमीटर धावते, दुसरी सुमारे साडेतीन. म्हणून तफावत २५ सेकंदांची असेल तर उगम सुमारे २०० किलोमीटरवर, हे यंत्रघरात बसूनच कळते. यातील खुबी अशी की भूकंप किती वाजता सुरू झाला हे ठाऊक असण्याची गरजच नाही. यंत्रघराचे घड्याळ चार मिनिटे मागे असले तरी तफावत तीच राहते. इतका निर्मळ साक्षीदार आम्हांस न्यायालयात अद्याप भेटलेला नाही!

मात्र तो अंतर सांगतो, दिशा नव्हे. त्या अंतराचे वर्तुळ नकाशावर काढावे. दुसऱ्या ठाण्याचे वर्तुळ त्यास दोन जागी छेदते. तिसरे त्यांतील एक जागा बाद करते. उरते ते अपिकेंद्र. त्याखाली भूगर्भात नाभी असते. तिची खोली ठरविण्यास मात्र जवळपास पुष्कळ ठाणी लागतात.

या पुराव्याचे मोल आपल्या प्रदेशाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कळले. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दोनशेच्या आसपास माणसे गेली. दख्खनचा खडक स्थिर आहे, ही त्या काळची समजूत होती. परंतु जलाशयात पाणी साठू लागल्यावर सौम्य धक्के बसू लागले होते, आणि त्यामुळे परिसरात भूकंपलेखक यंत्रे आधीच बसविली होती. धक्क्यांची नाभी धरणाच्या आसपासच निघत होती. धरणामुळे भूकंप झाला काय, यावर तज्ज्ञांत पुढे दीर्घ वाद झाला. स्थळ सिद्ध झाले म्हणजे कारण सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो; पण स्थळाच्या पुराव्याविना तो वाद उभाच राहिला नसता. आज जलाशयामुळे चेतावलेल्या भूकंपांचे कोयना हे जगन्मान्य उदाहरण आहे. तेथील बहुतेक नाभी दहा किलोमीटरहून कमी खोलीवर आहेत, आणि त्यांच्या रोखाने २०१७ साली ३ किलोमीटर खोल विवर खणून झाले.