कंपनीच्या आवाजाची बाजू

आलिशान गाडी घरी आली की शौकिनाने पहिले काम कोणते करायचे, याबद्दल नागपूरच्या ॲक्सेसरीवाल्यांपासून जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या क्वार्टरांतल्या संध्याकाळच्या गप्पांपर्यंत विलक्षण एकमत आहे. कंपनीची म्युझिक सिस्टीम काढायची आणि बाहेरून ‘चांगली’ बसवायची. पूर्वपक्ष असा: कारखानदार प्रत्येक स्पीकरमागे पैसे वाचवतो. शंकू कागदाचा, चुंबक लहान, ॲम्प्लिफायर कुठेतरी कोंबलेला. जाळीवर मोठे नाव कोरले असले तरी ते परवान्याने मिळवलेले. त्यापेक्षा लाख-दोन लाख घालून कंपोनंट स्पीकर, वेगळा ॲम्प आणि डिकीत वूफर टाकला की खरे गाणे कळते. ज्याने हे केले नाही त्याला कान नाहीत, किंवा त्याचा हात आखडता आहे.

हा पक्ष अडाण्यांचा नाही. त्याचा जन्म झाला तेव्हा तो अक्षरशः खरा होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी घ्या, नाहीतर डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८००. या गाड्यांत स्टिरिओ ही गिऱ्हाइकाची जबाबदारी होती. कॅसेट प्लेयर दुकानातून आणायचा, मागच्या काचेखालच्या फळीला भोके पाडून लंबगोल स्पीकर बसवायचे आणि वायर गालिच्याखालून ओढायची. कंपनीचे म्हणून काही नव्हतेच, तेव्हा बाहेरचे जे बसेल ते वरचढ ठरणारच. पुढे कंपन्या स्टिरिओ देऊ लागल्या, पण बरीच वर्षे तो नावापुरता होता. दोन पिढ्यांनी हे अनुभवले आणि त्याचा नियम केला. दोष नियमात नाही, त्याच्या अतिव्याप्तीत आहे. ८०० ला लावलेले माप आपण विचार न करता चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीजला लावतो.

गंमत म्हणजे त्याच १९८३ च्या मॉडेलांत अमेरिकेत जनरल मोटर्सने कॅडिलॅक सेव्हिलमध्ये अमर बोस यांची सिस्टीम दिली. बोस एमआयटीत शिकवत. वडील बंगालमधून तिकडे गेलेले. त्या कामामागचा विचार असा की गाडी ही ऐकायला वाईट खोली आहे, पण तिच्यात एक सोय आहे जी दिवाणखान्यात कधीच नसते. ऐकणारा कुठे बसणार, काच कुठे, गादी कुठे, छत किती उंच, हे सगळे आधीच ठरलेले असते. मग स्पीकर सुटा न घडवता त्या खोलीसाठीच का घडवू नये? आजच्या महागड्या गाडीतली सिस्टीम याच विचाराची संतती आहे.

जवाहरनगरात हे समजावायला कष्ट पडू नयेत. १९६४ साली उभ्या राहिलेल्या इथल्या आयुध निर्माणीत प्रोपेलंट बनते. प्रोपेलंटचा दाणा किती जाड, त्याला भोके किती, हे ज्या तोफेत तो जळणार तिच्यावरून ठरते. एका तोफेचा चार्ज ‘जास्त दमदार आहे’ म्हणून दुसरीत भरा, असे कोणी सुचवले तर सेक्शनमधला नवखा कामगारसुद्धा त्याच्याकडे टक लावून पाहील. तोच माणूस रविवारी नागपूरला जाऊन गाडीच्या बाबतीत नेमके हेच करून येतो.

आता थोडा तपशील. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या कानाला डाव्यापेक्षा सुमारे साठ सेंटिमीटर जवळ असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर डावा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढासा उशीर कुणाला कळणार, असे वाटेल. पण जो आवाज आधी येतो त्याच्याच दिशेला कान गायकाला बसवतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हा परिणाम तपशिलाने मांडला. त्यामुळे काही केले नाही तर गायक उजव्या गुडघ्याजवळ बसून गातो. कंपनीचा डीएसपी, म्हणजे ध्वनीवर गणिती संस्कार करणारी चिप, जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावतो आणि गायकाला डॅशबोर्डच्या मध्यावर आणतो. शिवाय त्या दाराचा पत्रा कुठे गुंजतो, काच कुठला स्वर परतवते, हे मोजून तो काही स्वर दाबतो, काही उचलतो. हे संस्कार त्या विशिष्ट स्पीकरचे गुणदोष धरून केलेले असतात. दुकानदार स्पीकर बदलतो, पण संस्कार तेच राहतात. जुन्या रोग्याचे औषध नव्या माणसाला सुरू राहते आणि आपण म्हणतो, ‘नवीन स्पीकर थोडे तिखट आहेत, सेट व्हायला वेळ लागेल.’ त्यात अनेक कारखानी सिस्टीमचे स्पीकर दोन ओहमचे असतात. तिथे बाजारातला चार ओहमचा लावला की त्याच ॲम्पमधून जवळपास निम्मीच शक्ती निघते. पैसे जास्त, वॅट कमी.

वसाहतीतल्या एका निवृत्त साहेबांनी वापरलेली जर्मन सेडान घेतली आणि डिकीत मोठा वूफर व नवा ॲम्प घालून आणला. शहरात उत्तम चालले. महामार्गावर मात्र इंजिन ठरावीक फेऱ्यांवर आले की गाडीत घुमारा उठू लागला. त्यांनी टायर तपासले, एक्झॉस्ट तपासला, मेकॅनिक बदलला. दोष कुठल्याच सुट्या भागात नव्हता. त्या गाडीच्या छतात मायक्रोफोन असतात. ते इंजिनची घरघर ऐकतात आणि ती मारण्यासाठी स्पीकरमधून उलटा आवाज सोडतात. नव्या वूफरने त्या उलट्या आवाजाची वेळ आणि ताकद दोन्ही बिघडवली, आणि आवाज मारणारी यंत्रणाच आवाज करू लागली. अशा गाड्यांत पार्किंगची टिकटिक, सीटबेल्टची सूचना, फोनवरचा आवाज, सगळे त्याच वाटेने जाते. २००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजपासून कित्येक गाड्यांत तर ही वाट प्रकाशतंतूंच्या वर्तुळाची होती. मधला एक दुवा निखळला की सगळी साखळी मुकी.

वॅटांबद्दल बोलायचे तर बाजारातल्या खोक्यांनी या विषयात जितका अंधार केला आहे तितका क्वचितच कुठे झाला असेल. ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेला डेक घ्या. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. व्होल्टेज वाढवणारी वेगळी यंत्रणा नसेल तर ॲम्पला लाटेचे शिखर त्याहून वर नेता येत नाही. म्हणजे परिणामी व्होल्टेज दहाच्या आसपास. त्याचा वर्ग शंभर. भागिले चार ओहम. हिशेब पंचवीस वॅटांवर येऊन थांबतो, आणि उष्णता वगैरे धरली तर वीसच्या आसपास. उरलेले वॅट खोक्यावरच राहतात. बरे, खरोखर दुप्पट वॅट मिळाले तरी वाढतात फक्त तीन डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. ‘दुप्पट पॉवरचा ॲम्प टाकला, आवाज दुप्पट झाला’ हे वाक्य पदार्थविज्ञानाला मान्य नाही.

‘पण दुकानात ऐकले तेव्हा फरक स्पष्ट जाणवला,’ हा यावरचा ठरलेला प्रतिवाद. जाणवला असेलच. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवत नेला की ते भरून निघतात. म्हणून दोन सिस्टीमपैकी किंचित मोठ्याने वाजणारी नेहमीच ‘भरदार’ वाटते. दोन्ही एकाच पातळीवर लावून, डोळे झाकून ऐकायला किती जण तयार होतात? विकणाऱ्याचे सोडा, विकत घेणाऱ्यालाही ते नको असते.

आणि आपण ऐकतो काय? माझ्या माहितीतले बहुतेक मोठ्या गाडीवाले पन्नाशी ओलांडलेले आहेत. त्यांच्या यादीत किशोरीताई आमोणकर असतात, वसंतराव देशपांडे असतात, १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गीतरामायण असते. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झला असतो. वूफर विकणारा हाच आकडा दाखवून ‘बघा, बास लागतोच’ म्हणेल. पण तानपुऱ्याचा प्राण खर्जात नसतो. जवारीमुळे त्या एका तारेतून वरच्या स्वरांशांची जी झालर सुटते, हजार-दोन हजार हर्ट्झ आणि त्याहून वर, तिच्यात तो असतो. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिले ते या झालरीचेच नवल वाटून. डिकीतला वूफर त्या झालरीत एका धाग्याची भर घालत नाही. उलट तो जास्त घुमला तर तिच्यावर पांघरूण घालतो, कारण खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. वेगेल आणि लेन यांनी हे १९२४ मध्येच मोजले होते.

झाकण्याचे हेच काम रस्ताही करतो. जवाहरनगरहून मौद्याकडे निघालात की ट्रकांची रांग लागते, आणि नागपूर ओलांडून ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर चढलात की काँक्रीटवर टायरांचा अखंड घोष सुरू होतो. तो मुख्यतः खालच्या स्वरांचा. त्यावर मात करायला आवाज वाढवणे म्हणजे दोन गोंगाटांची कुस्ती लावणे, आणि चीत होतात ते आपले कान. दीड लाख खर्चायचेच असतील तर पुढच्या वेळी कमी आवाजाचे टायर घ्या, दारांच्या पत्र्याला आतून डॅम्पिंगचे थर लावून घ्या, खडखडणारी क्लिप शोधा. मोबाइल ब्लूटूथऐवजी केबलने जोडा. आणि गीतरामायण लावताना ते थ्रीडी, सराउंड, कॉन्सर्ट हॉल वगैरे बंद करा. मोनो ध्वनिमुद्रणाला चौफेर फिरवून बाबूजी (सुधीर फडके) मागच्या सीटवर जाऊन बसतात, यापलीकडे काही साधत नाही.

पूर्वपक्षातले एक म्हणणे मात्र मला मान्य आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. जाळीवरच्या नावांना फार भुलू नये. जेबीएल, हरमन कार्डन, मार्क लेव्हिन्सन ही सगळी एकाच हरमनची घराणी. बँग अँड ओलुफ्सेनचा गाड्यांचा व्यवसाय २०१५ मध्ये हरमनकडे गेला, २०२५ मध्ये बॉवर्स अँड विल्किन्सही त्याच छत्राखाली आले, आणि खुद्द हरमन २०१७ पासून सॅमसंगच्या मालकीची. तिचा एक कारखाना आपल्या चाकणलाच आहे. महिंद्रच्या नव्या विजेच्या गाड्यांत सोळा स्पीकरांची हरमन कार्डन मिळते, त्यांच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या काही परदेशी गाड्यांच्या साध्या आवृत्तीत ती मिळत नाही. तेव्हा नवी गाडी बुक करताना नाव न पाहता आपली दोन-तीन ठरलेली गाणी घेऊन जा आणि दोन्ही आवृत्त्या ऐका. निवड करायची ती तिथे, बुकिंगआधी.

यातूनच एक अपवाद निघतो आणि तो मी मोकळेपणाने देतो. आलिशान गाडीची सर्वांत खालची आवृत्ती, जिच्यात वेगळा ॲम्पच नाही, डीएसपीचे संस्कार जुजबी आहेत आणि आवाज मारणारी यंत्रणाही नाही, तिच्यात त्याच खाचांत बसणारे, वायर न कापता जोडता येणारे चांगले स्पीकर टाकणे शहाणपणाचे आहे. अट एकच, बसवणाऱ्याकडे मोजायचा मायक्रोफोन हवा आणि चालकाच्या जागी तो ठेवून मोजायचा धीर हवा. नुसत्या कानाने ‘सेट’ करणारा कितीही अनुभवी असला तरी नको.

राहिल्या जुन्या गाड्या. विदर्भाच्या नवतप्यात बंद गाडी साठ अंशांवर तापते आणि लगेच मागून पावसाची दमट हवा येते. या दुहेरी मारात स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कड दहा-बारा वर्षांत भुगा होते. मग बास फाटतो, दारातून फरफर ऐकू येते, आणि मालक ‘सिस्टीम जुनी झाली’ म्हणून सगळीच उपटायला निघतो. चुंबक, शंकू, ॲम्प, सगळे धडधाकट असते. स्पीकर दुरुस्त करणारा कारागीर तीच कड नवी चिकटवून देतो, आणि त्याचे बिल नव्या वूफरच्या वायरिंग किटच्या किमतीपर्यंतही क्वचितच जाते.