अडीच फुटांच्या रुळांवर सात फुटांची वाघीण

रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट; त्यावरची मालवाघीण मात्र सात फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब! सोलापूर जिल्ह्यात १८९७ मध्ये सुरू झालेल्या ‘बार्शी लाइट रेल्वे’ची ही किमया. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक आसावरील भार पाच टनांवर रोखला आणि सांगाडा दाबीव पोलादाचा केला. वाघिणीचे स्वतःचे वजन घटले, तेवढा माल वाढला. बार्शीच्या कापसाला हेच हवे होते; कापूस वजनाने हलका, पण जागा फार अडवतो. उणीव एकच, पण मोठी. कुर्डुवाडीला ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’चे रूळ साडेपाच फुटांचे. त्या ऐसपैस वाघिणीतली मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाठ तिथे उतरवून पुन्हा दुसऱ्या गाडीत चढवावी लागे.