कप्तानाच्या वयाचे गणित

1840 च्या दशकात, पुढे कादंबरीकार झालेल्या तरुण गुस्ताव फ्लोबेरने भूमिती शिकणाऱ्या आपल्या बहिणीला पत्रातून एक गणित घातले. कापसाने भरलेले जहाज बोस्टनहून निघाले आहे, डोलकाठी मोडली आहे, प्रवासी बारा आहेत, दुपारचे सव्वातीन वाजले आहेत. तर कप्तानाचे वय किती? थट्टाच ती. पण गणित सोडवण्याआधी हात आवरावा लागतो, हे त्या थट्टेत दडले होते आणि त्याला शास्त्रात जागा मिळायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

तिथून आपण येऊ उरल पर्वतातल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एका रुग्णालयात. तिथे मेंदूला इजा झालेले सैनिक तपासणारे मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया पुढे सहकारी ल्युबोव्ह त्स्वेत्कोव्हा यांच्यासह अशा रुग्णांना शाब्दिक उदाहरणे घालू लागले. दोन फळ्यांवर मिळून 18 पुस्तके. एकीवर दुसरीच्या दुप्पट. तर प्रत्येकीवर किती? मेंदूचा पुढचा भाग दुखावलेल्या एका रुग्णाने प्रश्न नीट म्हणून दाखवला आणि लगेच 18 ला 2 ने भागून 9 काढले. मग ‘दुप्पट’ आठवून 18 दुणे 36. पुन्हा विचारल्यावर 36 दुणे 72, मग 36 अधिक 18, म्हणजे 54. पाढे शाबूत, बेरीज बिनचूक, आणि स्वारी उत्तरावर खूश! 6 आणि 12 पर्यंत नेणारी आखणी तेवढी हरवली होती. या साऱ्या वाटचालीतला सर्वांत बोलका पुरावा मला हाच वाटतो.

अशी आखणी सांभाळणाऱ्या क्षमतेला मानसशास्त्रात हळूहळू नाव मिळाले. 1974 मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यस्मृतीवर, म्हणजे काम चालू असताना माहिती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर, देखरेख करणारा ‘मध्यवर्ती कार्यकारी’ कल्पिला. 2000 मध्ये अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी अशा कार्यकारी क्षमतांमधल्या तीन वेगळ्या काढून तपासल्या: आवर घालणे, रोख बदलणे, मनातली माहिती ताजी ठेवणे. दरम्यान ग्रनोबलच्या गणित-शिक्षण संस्थेने 97 शाळकरी मुलांना विचारले होते, की जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? 76 जणांनी त्याच आकड्यांवरून वय सांगून टाकले. त्यांना बावळट ठरवण्याची घाई नको. गुरुजींच्या गणिताला उत्तर असतेच, हा त्यांचा अनुभव काही खोटा नव्हता.

‘जास्त’ दिसले की बेरीज, ‘कमी’ दिसले की वजाबाकी, ही युक्ती आपल्याही वर्गांत चालते. राजूकडे 20 गोट्या आहेत, मीनापेक्षा 5 जास्त. तर मीनाकडे किती, असे विचारले की मुले बिनदिक्कत 25 म्हणतात. 2013 मध्ये ऑलिव्हिए हूदे यांच्या पॅरिसच्या गटाने दाखवले, की अशा उदाहरणात ही सवय दाबावी लागते आणि लगेच पुढच्या सरळ उदाहरणात तीच सवय उपयोगी असताना उत्तराला जरा उशीर होतो. तो उशीर मुलांत दिसला, किशोरांत दिसला आणि प्रौढांतही.