बिनतारी आणि भिंत

‘बिनतारी’ हा शब्द मराठीने अभावावरून घडवला आहे. जिथे तार नाही, ते बिनतारी. शब्द सोयीचा खरा. पण त्याच्याबरोबर एक समजही रूढ झाला, की तार गेली म्हणजे जागेचे बंधनही गेले. तेल्हाऱ्यासारख्या गावात लॅपटॉप आणि राउटर यांच्यातील जोडणी मंदावली, की दोष यंत्राला दिला जातो, नाहीतर वापरणाऱ्याच्या अडाणीपणाला. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो आणि विद्यार्थिनी निष्काळजी ठरते. आमच्या मते या मंदपणाचा विचार लहरींच्या इतिहासातून करावा लागतो; कारण आज सुचवल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती उपायामागे एक जुना प्रश्न उभा आहे.

पहिला प्रश्न भिंतीचा. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून सुमारे ७५ फुटांवरची घंटा वाजवून दाखवली. प्रकाशाचे गुणधर्म या लहरींत तपासता यावेत म्हणून बोस यांनी आपल्या प्रयोगांत अगदी आखूड, काही मिलिमीटर लांबीच्याही लहरी वापरल्या. मार्कोनी आदींना समुद्र ओलांडायचा होता. ते लांब लहरींकडे वळले. ही निवड आजही आपल्यासमोर आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्म्याहूनही आखूड. दुसरी जवळच्या अंतरात अधिक वेग देते, परंतु भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते.

दुसरा प्रश्न बोलण्या-ऐकण्याचा. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातील ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला ठेवण्यात आले. आपल्याच आवाजात दुरून येणारा क्षीण संदेश बुडून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. घरात अशी सोय नाही. सर्व यंत्रे एकाच वाटेवर बोलतात, म्हणून त्यांना पाळी लावावी लागते. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटाबेटांतील संगणक ‘अलोहा’ नावाच्या बिनतारी जाळ्याने जोडले, तेव्हा संदेश एकमेकांवर आदळले तर थोडे थांबून पुन्हा पाठवावेत, असा संकेत ठरला. वायफाय त्याच घराण्यातले. पंगतीत शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत कुणी उठत नाही, तसे येथे घडते: दूरच्या खोलीतील यंत्राचा संदेश सावकाश जातो आणि तेवढा वेळ जवळचेही खोळंबतात.

तिसरा प्रश्न गर्दीचा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मायक्रोवेव्ह भट्टीचाही आहे. अमेरिकेने १९८५ मध्ये तो परवान्याविना संदेशवहनास खुला केला. भारतात २००५ च्या नियमांनी तो मोकळा झाला. मोकळ्या जागेत सगळेच येतात, शेजारची राउटरेही. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रामुख्याने तीनच: १, ६ आणि ११.

चौथा प्रश्न प्रतिध्वनीचा. भिंतींवर आपटून तोच संदेश मागेपुढे पोचतो आणि स्वतःलाच पुसून टाकतो. यावरचा एक महत्त्वाचा उपाय ऑस्ट्रेलियातील जॉन ओ’सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. त्याचे अमेरिकी पेटंट १९९६ चे. ओ’सलिव्हन मूळचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ, स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांचे क्षीण संकेत शोधणारे. आकाश ऐकण्यासाठी कमावलेले गणित घरातल्या भिंतींच्या कामी आले.

आता हे चारही प्रश्न एका वऱ्हाडी घरात आणून पाहू. धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंती जाड असतात. उन्हाळ्यात खिडकीत पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर येतो. पत्रा लहर परतवतो, पाणी शोषते. राउटर मात्र देवळीत किंवा लोखंडी कपाटाआड ठेवलेला. म्हणून आधी लॅपटॉप राउटरला तारेने जोडून पाहावा. वेग सुधारला तर दोष लहरींच्या वाटेत आहे. राउटर घराच्या मध्यभागी, उंच आणि उघड्यावर आणावा. त्या वाटेतून कूलर टाळावा. जवळ बसायचे असल्यास ५ गिगाहर्ट्झ निवडावे. शेजाऱ्यांची गर्दी नसलेली वाहिनी घ्यावी. लॅपटॉपच २००३ च्या प्रमाणाचा असेल, तर कागदावरच्या ५४ मेगाबिटांपैकी निम्मेही हाती येणे कठीण.

तारेने जोडूनही वेग तसाच राहिला तर? तेव्हा प्रश्न बहुधा घराबाहेरचा असतो, आणि तेथे इतिहासाचे पुढचे पान तेल्हाऱ्याच्या उत्तरेस, सातपुड्यात उघडते. मेळघाटातील हरिसाल हे गाव राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांनी २०१६ च्या सुमारास ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले. तेथे दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील मोकळ्या लहरींचा प्रयोग योजला गेला. या लहरी अर्धा मीटर वा त्याहून लांब. झाडीतून वाट काढण्यास वायफायच्या लहरींपेक्षा पुष्कळच योग्य. जागा पाहून लहर निवडण्याची ही दृष्टी मोलाची होती. पुढे २०१९ च्या लोकसभा प्रचारात हरिसालच्या दाव्यांवर मोठा जाहीर वाद झाला. त्या वादाचा निवाडा करणे हा आमचा विषय नव्हे. मात्र लहर जंगल ओलांडते की नाही हा प्रश्न भौतिकशास्त्राचा, आणि ती वर्षानुवर्षे चालू राहते की नाही हा व्यवस्थेचा, एवढा भेद त्यातून स्पष्ट होतो.

साहित्याच्या अध्यापकांनी यात का पडावे, असे कुणी विचारील. ज्यांचे अर्ज वेळेत पोचत नाहीत, त्या मुली आमच्याच वर्गात बसतात, म्हणून. त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का मारण्यापूर्वी त्यांचा राउटर कुठल्या भिंतीआड आहे आणि त्या भिंतीपलीकडे गावापर्यंत काय पोचले आहे, हे विचारणे आमच्या कामाचाच भाग आहे.