अल्पवेदना नैसर्गिक प्रसूती

अल्पवेदना नैसर्गिक प्रसूती : शस्त्रक्रिया किंवा वेदनाशामक औषध यांच्या आधाराशिवाय योनिमार्गे होणारी आणि जिच्यात मातेला कळा अत्यल्प जाणवतात किंवा जवळजवळ जाणवतच नाहीत अशी प्रसूती. खाजगी प्रसूतिगृहांच्या फलकांवर आढळणारी ‘पेनलेस डिलिव्हरी’ हिच्याहून वेगळी आहे. तिच्यात पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी बसवून बधिरीकरणाचे औषध सोडले जाते आणि वेदना त्या औषधामुळे थांबते. नैसर्गिकरीत्या अल्प वेदनेत बाळंत होणाऱ्या स्त्रिया संख्येने थोड्या असल्या, तरी त्यांचा अनुभव खरा असतो.

वेदनेचे स्वरूप : प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत गर्भाशयाचे स्नायू लयीत आकुंचन पावतात आणि गर्भाशयमुख, म्हणजे गर्भाशयाचे खालचे तोंड, हळूहळू सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते. या ताणाची संवेदना छातीच्या दहाव्या ते कमरेच्या पहिल्या मज्जाखंडांकडे पोचत असल्याने कळ ओटीपोटात उठून कमरेकडे व मांड्यांकडे पसरल्यासारखी वाटते. दुसऱ्या अवस्थेत बाळ योनिमार्गातून खाली सरकते. तेव्हाची वेदना कटिराच्या तळाशी असलेल्या ऊतींच्या ताणातून निर्माण होते, ती त्रिकास्थीजवळच्या मज्जातंतूंमार्फत वाहून नेली जाते आणि तिची जागा स्त्रीला नेमकी दाखवता येते. आकुंचने घडवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आणि शरीरातच तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये प्रसूतीच्या काळात वाढतात. मात्र भीती तीव्र झाली की ॲड्रेनॅलिन वाढते, स्नायू आखडतात, आकुंचनांची लय बिघडू शकते आणि तीच कळ अधिक असह्य होते.

वेदना कमी जाणवण्याची कारणे : पहिलटकरणीपेक्षा आधी बाळंत झालेल्या स्त्रीची प्रसूती सहसा लवकर उरकते व तिला पहिल्या अवस्थेतील वेदना कमी जाणवण्याचा संभव असतो. बाळाची गर्भाशयातील स्थिती, कळांचा वेग, आधीचे अनुभव आणि सोबतीला कोण आहे याचाही परिणाम होतो. काही कारणे जन्मजात असतात. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये, पहिल्या प्रसूतीत वेदनाशामक न मागणाऱ्या स्त्रियांमध्ये ‘केसीएनजी४’ या जनुकाचा एक दुर्मिळ प्रकार अपेक्षेहून अधिक आढळतो, असे दाखवले. सुमारे शंभरातील एका स्त्रीत असणाऱ्या या प्रकारामुळे गर्भाशयाकडून येणारे वेदनेचे संदेश वाहणारे मज्जातंतू सहजासहजी उद्दीपित होत नाहीत. यावरून एखादीला कळा सोसवल्या आणि दुसरीला सोसवल्या नाहीत, यात धीराचा किंवा चारित्र्याचा फरक शोधणे किती अन्यायाचे आहे, हे स्पष्ट होते.

वेदना नसणे हे दरवेळी शुभलक्षण नसते. गर्भाशयमुख दुबळे असल्यास ते मुदतीच्या कितीतरी आधी, कळांशिवाय उघडू शकते आणि गर्भपात किंवा अकाली प्रसूती ओढवते; अशा स्त्रियांसाठी मूळचे गोमंतकीय असलेले मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ मध्ये मांडलेला गर्भाशयमुखाचा टाका आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या स्त्रीलाही कळा न कळण्याची शक्यता असते, परंतु तिचा रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर चढू शकतो. तीन तासांच्या आत आटोपणाऱ्या अतिवेगवान प्रसूतीत माता रुग्णालयात पोचण्यापूर्वीच बाळ जन्मण्याचा, तसेच योनिमार्ग फाटण्याचा व नंतरच्या रक्तस्रावाचा धोका असतो.

संकल्पनेचा इतिहास : चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीची महिनावार परिचर्या दिली असून नवव्या महिन्यात मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाचा बस्ती (एनिमा) देण्यास व योनीत तेलाचा बोळा ठेवण्यास सांगितले आहे. प्रसूतिवेदनांना तेथे ‘आवी’ अशी संज्ञा असून त्या आल्याशिवाय जोर करू नये, असे आसन्नप्रसवेला बजावले आहे. प्रसूतीच्या अनुभवी स्त्रियांनी तिच्याभोवती राहून तिला मृदू शब्दांनी धीर द्यावा, हेही त्या परिचर्येचे अंग होय. कल्याणमध्ये वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेताना प्राचीन भारतीयांतील प्रसूतिशास्त्र हाच प्रबंधाचा विषय निवडला. कोवळ्या वयात झालेले त्यांचे अपत्य दहा दिवसांतच दगावले होते. बाळंतिणीला जाणत्या स्त्रीची वैद्यकीय मदत मिळावी, ही त्यांची तळमळ त्या दुःखातून वाढली.

पाश्चात्त्य वैद्यकात जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीसाठी आधी ईथर व नंतर क्लोरोफॉर्म वापरले. औषधाविना वेदना कमी करण्याचा विचार इंग्लंडमधील ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. भीतीने ताण, ताणाने वेदना आणि वेदनेने पुन्हा भीती वाढते, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. फ्रान्सचे फर्नांद लामाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत संघातील पद्धत पाहून ती पॅरिसला आणली आणि शरीराची माहिती, श्वासाचा सराव व सोबत यांवर आधारलेले प्रशिक्षण रुजवले. कॅनडातील वेदनाशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांच्या पाहणीत मात्र असे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांची वेदना काहीशी उतरली, तरी बहुतेकींना ती तीव्रच राहिली. प्रशिक्षण उपयोगी आहे, पण त्यातून वेदनाहीनतेची हमी मिळत नाही, हा त्यातून निघालेला निष्कर्ष आजही ग्राह्य आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर : प्रसूतीच्या सोयी आणि जुन्या रीती प्रत्यक्षात कशा शेजारी नांदतात, हे ठाणे जिल्ह्यातील या पट्ट्यात पाहता येते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वापरात आलेल्या कल्याण छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले, अंबरनाथ कारखान्यांमुळे वाढले आणि बदलापूर मुंबईला लोकलने जाणाऱ्या नोकरदारांच्या घरांनी विस्तारले. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांची लोकसंख्या अनुक्रमे सुमारे ५ लाख ६ हजार, २ लाख ५३ हजार आणि १ लाख ७४ हजार होती. उल्हासनगरातील शासकीय मध्यवर्ती रुग्णालय हा या पट्ट्यातील सार्वजनिक उपचारांचा मोठा आधार आहे, अंबरनाथला डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आहे आणि बदलापुरात ग्रामीण रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या रुग्णांना अनेकदा ठाण्यातील कळव्याच्या रुग्णालयात किंवा मुंबईला हलवावे लागते. पलीकडे मुरबाडच्या बाजूला ठाकूर व कातकरी वस्त्या असून तेथे सुईणीच्या हातच्या बाळंतपणाची स्मृती अद्याप जिवंत आहे. सुईण बाईला उकिडवे बसवी, पाठीमागून आधार देई, कंबर तेलाने चोळी आणि तिला एकटे सोडत नसे. रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांपुढे तिचा इलाज चालत नसे, परंतु तिने जपलेल्या या गोष्टींची उपयुक्तता आधुनिक चाचण्यांनीही मान्य केली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या होत्या. घरातील बाळंतपण मागे पडल्याने जीव वाचले, पण उकिडवे बसण्याची मोकळीक आणि ओळखीचा हात हेही खोलीबाहेर राहिले. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे या शहरांतील अनेक सुना सातव्या-आठव्या महिन्यात गावी जातात आणि तेथील डॉक्टर व परिचारिका त्यांना नवख्या असतात. अशा वेळी माता-बाल संरक्षण कार्ड व तपासण्यांचे कागद बरोबर नेणे, तसेच प्रसूतीचा कक्ष आधी पाहून ठेवणे, ही भीती कमी करण्याची साधी आणि परिणामकारक तयारी ठरते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत होणाऱ्या तपासण्यांचा यासाठी उपयोग होतो.

वेदना हलकी करणारे उपाय : सर्वांत भक्कम पुरावा अखंड सोबतीचा आहे. २०१७ मध्ये एकत्र अभ्यासलेल्या २६ चाचण्यांत, १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अनुभवावरून, सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती थोडी लवकर आटोपते, सिझेरियन व वेदनाशामकांची गरज घटते आणि अनुभवाविषयीची नाराजी कमी राहते, असे दिसले. भारत सरकारने २०१६ मध्ये शासकीय प्रसूतिकक्षांत स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या नातेवाईक स्त्रीला सोबत राहण्याची मुभा दिली व आडोसा असेल तेथे पतीलाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने सन्मानपूर्वक वागणूक हा प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेचा भाग मानला. कळा देणाऱ्या बाईला ‘ओरडू नकोस’ म्हणून दटावणे हे या धोरणाच्या आणि वैद्यकाच्याही विरुद्ध आहे.

पहिल्या अवस्थेत उभे राहणे, चालणे किंवा बसणे यांमुळे पलंगावर पडून राहण्याच्या तुलनेत ती अवस्था सरासरी तासाहून अधिक आखूड होते. कमरेवर दाब, कोमट पाण्याची आंघोळ, लांब उच्छ्वास व दोन कळांमधील विश्रांती यांनीही अनेकींना उतार पडतो. गर्भसंस्कार वर्गांतील श्वसन व शिथिलीकरण यांचा लाभ याच मर्यादेत समजावा. त्यांतून वेदनाहीन प्रसूतीचे आश्वासन कोणी देत असेल, तर ते स्वीकारू नये. नैसर्गिक उपाय अपुरे पडले, तर कण्यातील बधिरीकरण किंवा प्राणवायूबरोबर श्वासावाटे घ्यावयाचा नायट्रस ऑक्साइड वायू हे पर्याय मागण्याचा स्त्रीला पूर्ण अधिकार आहे. बधिरीकरणासाठी भूलतज्ज्ञ उपलब्ध असावा लागतो, म्हणून त्याची चौकशी नाव नोंदवतानाच करणे हिताचे.

दक्षता : कळा सौम्य असल्या तरी त्या नियमित व सुमारे पाच मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्यास, पाणी गेल्यास, अंगावरून रक्त जाऊ लागल्यास किंवा बाळाची हालचाल मंदावल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, आधीची प्रसूती झटपट झालेल्या स्त्रीने तर पहिल्या कळेलाच निघावे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गर्भवतीसाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८ या क्रमांकांवरून रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. अल्प वेदनेत झालेले बाळंतपण हा शरीराच्या घडणीचा व परिस्थितीचा योग असतो; तो सर्वांच्या वाट्याला येत नाही आणि न आल्यास त्यात मातेचे काही उणे ठरत नाही. प्रत्येक प्रसूतिकक्षाला देता येण्याजोगी आणि म्हणूनच प्रत्येक स्त्रीने हक्काने मागावी अशी गोष्ट म्हणजे सोबत, आदर, हालचालीची मोकळीक आणि हवा तेव्हा वेदनेवर उपचार.