पदवी मिळते, सनद अडते

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "लॉ करू का? पुढे स्कोप काय?" कोर्ट, लॉ फर्म, कंपनीची नोकरी, न्यायाधीशाची परीक्षा, सरकारी वकिली, प्राध्यापकी, ही यादी कुणीही देईल. मला मात्र या प्रश्नाचा इतिहास सांगावासा वाटतो. कारण आपल्याकडे कायद्याची पदवी मिळणं आणि कायद्यावर पोट भरता येणं या पहिल्यापासून दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे एक दार आहे. त्याचं नाव सनद.

सुरुवात नाशिकपासून करू. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली तिथे जन्मली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि पहिली आली. अशा हुशार विद्यार्थ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. हिला मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती. मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला पोचली. १८९२ साली कायद्याची बीसीएलची परीक्षा दिली, पासही झाली. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदव्याच देत नव्हतं. तो कागद हातात पडायला १९२२ उजाडलं. तीस वर्षं!

बाई परत आल्या आणि १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी झाल्या. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची प्लीडरची परीक्षाही दिली. तीही पास. तरी सनद नाही ती नाहीच. आता बघा, विद्यापीठाने फी घेतली, पेपर तपासले, पास केलं. आणि कोर्ट म्हणतं, आत यायचं नाही.

मग त्यांनी काय केलं? जे काम कुणाला सुचलंच नव्हतं ते स्वतःसाठी तयार करून घेतलं. बंगाल-बिहारकडे जमीनदार घरांतल्या विधवा पडद्यात राहायच्या. परपुरुषाशी बोलायचं नाही, म्हणजे वकिलाशीही नाही. इस्टेट नावावर, पण हिशेब दुसऱ्याच्या हातात. अशा इस्टेटींवर देखरेख करणारं 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' नावाचं सरकारी खातं होतं. १९०४ पासून सोराबजी त्या खात्यात या बायकांच्या कायदेशीर सल्लागार झाल्या आणि पुढे अनेक वर्षं त्यांनी शेकडो बायका-मुलांची कामं केली. त्यांचं राजकारण मला पटत नाही. त्या इंग्रज राज्याच्या बाजूच्या होत्या आणि गांधीजींच्या चळवळीच्या विरोधात. पण म्हणून हे काम लहान होत नाही.

दुसरी गोष्ट कलकत्त्याची. रेजिना गुहा, एमए, बीएल. १९१६ मध्ये त्यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांपुढे गेला. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टमध्ये 'स्त्रियांना मनाई' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तरी अर्ज फेटाळला. युक्तिवादाचा गाभा असा, की बाई कधी वकील झालेली नाही, म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात बाई नव्हतीच. थोडक्यात, आजवर येऊ दिलं नाही म्हणून यापुढेही येऊ देणार नाही. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांचंही तेच झालं.

त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने मात्र सोराबजींची नोंदणी केली. पदवीनंतर चोवीस वर्षांनी! आणि १९२३ मध्ये लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अ‍ॅक्ट आला. केवळ बाई आहे म्हणून कुणाला अडवता येणार नाही, एवढंच सांगणारा छोटासा कायदा. त्याच सुमाराला मिठन टाटा (पुढे मिठन लाम) लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या. त्यानंतर मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तीच्या खुर्चीत बाई बसायला १९९४ उजाडलं. त्या सुजाता मनोहर.

तुम्ही म्हणाल, हा झाला इतिहास. आज कुठे काय अडतं? अडतं. फक्त कारण बदललं.

१९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने मुखत्यार, प्लीडर, वकील, बॅरिस्टर असले भेद मोडून सगळ्यांना एकच 'अ‍ॅडव्होकेट' केलं. सनदेची फीही कायद्यातच ठरली: सर्वसाधारण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. प्रत्यक्षात राज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांखाली कुठे पंधरा हजार, कुठे चाळीस हजारांवर घेत होत्या. शेवटी ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की कायद्यात आहे त्याहून जास्त घेता येणार नाही.

पुढचं दार २० मे २०२५ चं. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट सुप्रीम कोर्टाने परत आणली. २००२ मध्ये ती काढली होती. यामागचा विचार मला समजतो. कोर्ट न पाहिलेल्या पोराने निकाल द्यावा हे काही बरं नाही. पण ही तीन वर्षं काढायची कशावर? ज्युनिअरला महिन्याला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवलं. सुचवलं, सक्ती नाही. ज्याच्या घरात आधीच वकील आहे त्याला ही तीन वर्षं जड नाहीत. ऊसतोड कामगाराच्या मुलीला आहेत. तिला कुणी 'नाही' म्हणत नाही, ती आपोआप गळते.

म्हणून 'लॉ करू का' विचारणाऱ्यांना मी सांगतो, जरूर करा. पण कॉलेजच्या फीबरोबर पदवीनंतरच्या पहिल्या तीन वर्षांचाही हिशेब आजच मांडा. कुणाकडे ज्युनिअर राहणार, तो पैसे देतो का, हे आधी विचारा. विचारायला लाजू नका.

आणि जे आज सीनिअर आहेत त्यांना एकच विनंती. तुमच्या ऑफिसात पोरं राबतात, त्यांना महिन्याच्या महिन्याला पैसे द्या. आजचं दार तुमच्या हातात आहे.