पॉइंटपासून क्रँक सेन्सरपर्यंत

मंडळी, आज आम्ही बोलणार आहोत बोटाएवढ्या एका वस्तूबद्दल. इंजिनाच्या क्रँकशाफ्टजवळ बसतो तो सेन्सर. गॅरेजात नुसता 'क्रँक सेन्सर'. इतिहासाच्या व्याख्यानात हा कशाला, असं वाटेल. पण उमरीसारख्या तालुक्याच्या गावी मिस्त्रीच्या हातातली विद्या कशी बदलली, हे या वस्तूइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही, असं आमचं मत आहे.

प्रश्न जुनाच आहे. पिस्टन वर येत असताना ठिणगी नेमकी कधी पाडायची? 1910 च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची पद्धत बसवली. कुर्ल्याच्या कारखान्यातली आपली पद्मिनीसुद्धा त्याच पद्धतीची. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. फिलर गेज घालायचा, पुलीवरची खूण जुळवायची, डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा. बाकी काम कानाचं.

सेन्सरनं हे काम काढून घेतलं. क्रँकबरोबर दातांचं एक चाक फिरतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर 60 दातांची जागा असते, पैकी 2 दात मुद्दाम गाळलेले. म्हणजे दर दाताला 6 अंश. समोर चुंबक आणि तारेची गुंडाळी. दात पुढून गेला की गुंडाळीत वीज उमटते. फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवलं तेच हे. गाळलेली जागा आली की गाडीच्या संगणकाला कळतं, फेरा इथून मोजायचा. शोधायचा कुठं? कारमध्ये पुढं क्रँक पुलीपाशी, नाहीतर मागं फ्लायव्हीलजवळ. दुचाकीत बहुधा मॅग्नेटच्या कव्हरच्या आत. सीडीआयच्या दुचाकींत तिथं पल्सर कॉइल असायचीच, त्यामुळे दुचाकीवाल्या मिस्त्रीला हा पाहुणा अगदी परका नव्हता.

आता बघा, हा बदल गावात आणला कुणी? आम्ही म्हणू, कायद्यानं. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरासाठी धुराचे कडक निकष लावायला सांगितले. कार्ब्युरेटर मागं पडला, इंजेक्शन आलं. आणि क्रँक कुठं आहे हे कळल्याशिवाय इंजेक्शनला नेमक्या वेळी पेट्रोल सोडता येत नाही. 2010 मध्ये भारत स्टेज 4 आलं ते 13 शहरांत. आपल्या बाजूचं हैदराबाद त्यात होतं, सोलापूर होतं, नांदेड नव्हतं. सगळ्या देशाला ते 2017 मध्ये लागू झालं. मग 5 वगळून थेट 6, 1 एप्रिल 2020 पासून, म्हणजे ऐन लॉकडाऊनमध्ये. त्यानंतरच्या साध्या शंभर सीसीच्या गाडीतही इंजेक्शन आलं.

मिस्त्रीची अडचण इथं सुरू होते. पॉइंट खराब झाला तर जळका दिसायचा. सेन्सरची गुंडाळी आतून तुटत आली तर वरून काहीच दिसत नाही. मे महिन्यात गाडी तापली की बंद, तासाभरानं थंड झाली की सुरू! गिऱ्हाईक म्हणतं पेट्रोलमध्ये कचरा आहे. स्कॅनर लावला तर 'पी 0335' असा कोड येऊ शकतो, पण तो सांगतो सर्किटमध्ये दोष आहे एवढंच. वायर उंदरानं कुरतडलीय, चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटलाय की सेन्सरच गेलाय, हे मीटर लावूनच पाहावं लागतं. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात मग अंदाजानं एकेक पार्ट बदलला जातो, आणि तो खर्च गिऱ्हाइकाच्या अंगावर पडतो.

जुनी विद्या मात्र गावातून गेलेली नाही. ट्रॅक्टरचे नवे निकष 2023 पासून लागू झाले ते 50 हॉर्सपॉवरच्या वरच्यांना. त्याखालच्या बहुतेकांत अजून साधा डिझेल पंपच आहे, आणि त्याचं टायमिंग मिस्त्री आजही खूण जुळवूनच लावतो.